आत्याचं आजोळ

आमच्या घराण्याची वंशावळ मी तयार केली तेव्हा माझी चाळिशी नुकतीच उलटली होती आणि डोक्यावर केस होते. हिंगोलीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. पानिपतावर कोण कुठल्या बाजूला उभं होतं हे पाठ सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या खापरपणज्याचं नाव माहीत नसावं, असं एकदा पंगतीत बसलेले मेहुणे बोलले. मेहुण्यांचं बोलणं एवढं मनावर घ्यायचं नसतं. मी घेतलं.

दोन उन्हाळे मी आमच्या मूळ गावी, औंढ्याच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांच्या ओसऱ्यांवर बसून काढले. जमिनीचे जुने कागद पाहिले. शेवटी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काळ्या शाईनं एक वडाचं झाड काढलं. मुळाशी मूळपुरुष, मग फांद्या, डहाळ्या, आणि सर्वात वरच्या पानांवर माझी दोन मुलं. सात पिढ्या. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि पुतणीच्या साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांना एकेक वाटली. नवरीमुलीपेक्षा त्या दिवशी मीच जास्त मिरवत होतो.

जेवणं झाल्यावर मी चार शब्द बोलायला उभा राहिलो. आपल्याकडच्या सर्वात जुन्या कागदावर साल आहे तेराशे आणि वर काही, असं सांगून मी थोडा थांबलो, म्हणजे ऐकणाऱ्यांना धक्का बसायला वेळ मिळावा. मग म्हणालो की याचा अर्थ देवगिरीवर यादव राज्य करत होते त्या सुमारापासून आपण याच मातीत नांगर धरून आहोत. पहिल्या रांगेत एक निवृत्त तलाठी बसले होते. त्यांनी सुपारी गालात सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ते फसली साल हाय. निजामाच्या राज्यात तेच लिहायचे. त्याच्यात पाचशे नव्वद मिळवा."

मी उभ्या उभ्या बेरीज केली. आमचं साडेसहाशे वर्षांचं घराणं पाऊणशे वर्षांवर आलं. मेहुणे एवढे खूश झाले की त्यांनी परत जिलेबी मागवली.

पण खरी शोभा संध्याकाळी झाली, ती घरी, आणि आत्याच्या हातून.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विशीच्या आत विधवा होऊन परत आली ती आमच्याच घरी राहिली. आम्हा भावंडांना तिनं वाढवलं, आमच्या लेकरांनाही तिनंच वाढवलं. वडील गेल्यावर घरात सर्वांत मोठी तीच. तिला अक्षर येत नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं झाडाचा कागद मांडीवर पसरला आणि मला एकेक पान वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. ती म्हणाली, "यात मी कुठं हाय?"

मी सांगितलं की वंशावळीत मुली लिहीत नाहीत.

"आन् माझी माय?"

बायकाही लिहीत नाहीत, म्हटलं.

तिनं पुन्हा एकदा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "मंग ही येवढी पोरं कुठून आली? झाडालाच लागली व्हय?"

माझी बायको स्वयंपाकघरात जोरात हसली. दुसऱ्या दिवशी मी आज्ज्यांची, पणज्यांची, लेकींची नावं गोळा करायला घेतली. बाकीच्या बऱ्याच मिळाल्या. आत्याच्या आईपाशी येऊन गाडी अडली.

ती माझी सख्खी आजी. आत्या पाच-सहा वर्षांची आणि वडील तीन-चार वर्षांचे असताना तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. आजोबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि आम्ही ज्यांना आजी म्हणत वाढलो त्या या दुसऱ्या. पहिलीचं आमच्या घरात फक्त सासरचं, लग्नात बदललेलं नाव उरलं होतं. तिचं माहेरचं नाव काय, ती कुठल्या गावची, कुणाची लेक, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांनी तो विषय उभ्या हयातीत काढला नाही, आणि त्यांना विचारायची छाती आमच्यात कुणाची नव्हती. आत्याला आठवत होतं ते एवढंच, की आईच्या मांडीवर बसून ती बैलगाडीतून कुठंतरी गेली होती, गाडी सबंध दिवस चालली होती, आणि मध्ये एकदा चाकाखाली पाणी होतं.

"उन्हाळ्यात समद्या पोरी आजोळी जायच्या," आत्या म्हणाली. "मी एकटीच गोवऱ्या थापत बसायची. एकडाव जाऊन येईन म्हनते."

हे तिनं, 'जरा देवळात जाऊन येते' म्हणावं, तसं म्हटलं. पण सत्तरीला टेकलेल्या बाईनं माझ्याजवळ आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. माझं झाड तिथंच राहिलं आणि मी तिच्या आईच्या मागं लागलो.

मी ठरवलं की आत्याच्या जन्माची नोंद शोधायची. त्या काळीही गावोगाव जन्म-मृत्यूची नोंदवही ठेवत, आणि जन्माच्या नोंदीत एखादा शब्द आईकडचाही सापडतो, असं त्याच निवृत्त तलाठ्यांनी सांगितलं होतं. आता आत्याचं जन्मसाल हवं. ते काढायचं तर वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून, कारण ती त्यांच्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठी. वडिलांचा दाखला काढला तर त्यावर आमच्याकडच्या अर्ध्या माणसांसारखी एक जून तारीख. तेव्हाचे मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. पुरला हात की पोरगं सहा वर्षांचं. म्हणजे माझं सगळं संशोधन वडिलांच्या हाताच्या लांबीवर उभं होतं. तरी हिशेबानं पाच सालं पक्की केली, या वेळी पाचशे नव्वद आधी वजा करून, आणि अभिलेख कक्षात जायला लागलो.

जुनी कागदपत्रं गावागावाच्या गाठोड्यांत, कापडी रुमालांत बांधून ठेवलेली असायची. गाठ सोडली की आधी धूळ उडायची, मग शिंका, मग उर्दू. मला उर्दूचा अलीफसुद्धा येत नव्हता. म्हणून हिंगोलीतलेच एक निवृत्त उर्दू शिक्षक मी सोबत घेतले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उंच, किडकिडीत, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, आणि कामाला एक विचित्र खोड. पान उघडलं की ते वरपासून खालपर्यंत प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत. मी म्हणायचो, उस्ताद, आपलं नाव एकच आहे, बाकीची सोडा. ते सोडत नसत.

"सत्तर साल में इनका नाम किसी ने नहीं लिया, मास्तर," ते म्हणाले. "एक बार लेने दो ना."

मी मेलेल्यांची आणि जन्मलेल्यांची नावं ऐकत राहिलो.

आमच्या गावाच्या नोंदी संपवायला सुट्ट्या सुट्ट्या करत दोन वर्षं लागली. मध्ये हिंगोली जिल्हा झाला, फलक बदलले, कपाटं इकडची तिकडं गेली. वडिलांची नोंद सापडली. आत्याची सापडली नाही. पाचही सालं आम्ही दोनदा वाचून काढली. शेवटी मी निष्कर्ष काढला की मुलीचा जन्म म्हणून त्या काळी लिहिलाच नसणार. हा निष्कर्ष मला इतका आवडला की शाळेच्या एका कार्यक्रमात मी त्यावर अर्धा तास बोललो. समाजानं जिची नोंदही घेतली नाही अशी माझी आत्या, असं म्हणून मी खिशातला रुमाल काढला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. एक पाहुण्या बाई मला नंतर भेटून म्हणाल्या की असे पुरुष विरळा.

घरी आलो. बायको सुपात तूर पाखडत होती. मी तिला भाषणाचा सारांश सांगितला. सूप हलवता हलवताच तिनं विचारलं, "आत्याबाई पहिल्या ना?"

"हो."

"मी पहिल्या वेळेला कुठं होते?"

"माहेरी," मी म्हणालो.

सूप तेवढं थांबलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडं हे बाळालाही पोटात असल्यापासून कळत असेल. माझ्या स्वतःच्या थोरल्या मुलाचा जन्मदाखला आणायला मी सासुरवाडीच्या तीन खेपा केल्या होत्या. आणि आत्याला मात्र मी दोन वर्षं तिच्या बापाच्या गावात जन्माला घालत होतो. वडील सापडले ते दुसरे म्हणून. समाजानं आत्याची नोंद घेतली होती, आणि व्यवस्थित घेतली होती. मीच चुकीचं गाठोडं सोडत होतो.

"भाषण चांगलंच झालं असेल पण," बायको म्हणाली आणि तिनं पुन्हा तूर पाखडायला घेतली.

मग मी मुलाच्या पेटीतला पेन्सिल लावलेला कंपास घेतला. जिल्ह्याच्या नकाशावर आमच्या गावात टोक रोवलं आणि बैलगाडी एका दिवसात जाईल एवढं वर्तुळ काढलं. पाणी ओलांडावं लागणार नाही अशी गावं खोडली. तरी साठाच्या वर गावं उरली. उस्तादांना यादी दाखवली. मला वाटलं ते हात जोडतील. ते म्हणाले, "इतनेच?"

दिवाळीची सुट्टी गेली, उन्हाळ्याची गेली, पुन्हा दिवाळी आली. गावामागून गाव उघडत होतं. बुखार, बुखार, साप, बाळंतपण, पुन्हा बुखार. कुठं एका घरात एकाच आठवड्यात तीन नावं. उस्ताद तिथं थोडं थांबायचे. मी आता घाई करत नव्हतो. घरी गेलं की आत्या विचारायची, आज कुठली गावं झाली, आणि मी सांगितलेली नावं ती मनातल्या मनात घोळवत बसायची. एखाद्या नावावर काही हलतंय का ते पाहायची. काही हलत नव्हतं. तिच्या गुडघ्यांनी त्या वर्षी जिना सोडला. पुढच्या वर्षी काय सोडतील याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात, यादीतली चाळिसेक गावं संपल्यावर, वारंगा फाट्यापासून आत असलेल्या एका गावाचा रुमाल उघडला. उस्ताद वाचत होते, मी वहीत खुणा करत होतो. वाचता वाचता ते थांबले. मला वाटलं पुन्हा कुणाच्या घरात तीन नावं आली असतील. त्यांनी मला आमच्या आजोबांचं नाव पुन्हा विचारलं. मग गाव विचारलं. मग वही माझ्याकडं वळवली. मला ती वाचता येत नाही हे त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "मुबारक हो मास्तर. लडकी हुई है."

त्या ओळीत सगळं होतं. बापाचं नाव आमच्या आजोबांचं, राहणार आमच्या गावचा, आणि पुढं शेरा, की जन्म आजोळी, अमक्याच्या घरी. ते अमके म्हणजे आजीचे वडील. माझ्या झाडात ज्यांच्यासाठी साधी डहाळीही नव्हती त्यांचं नाव, त्यांचं गाव, स्वच्छ अक्षरात.

मी धावत बाहेर गेलो आणि बर्फी घेऊन आलो. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हे त्या गडबडीतही माझं चुकलं नाही याचा मला अजून अभिमान आहे. कक्षातल्या बाबूंनी तुकडा उचलून विचारलं, काय गुरुजी, नात झाली का? मी म्हणालो, आत्या झाली.

आत्यानं नकलेवरची ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग बराच वेळ गावाचं नाव एकटीच म्हणत राहिली. मी म्हणालो, उद्याच जाऊ, जीप ठरवतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काही अभद्र बोललो.

"मुऱ्हाळी कोन आलाय?"

माहेरवाशीण आपल्या पायानं माहेरी जात नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं, तो मुऱ्हाळी. हे सगळं मला माहीत होतं. पण ही रीत नव्या नवरीची. पंचाहत्तरीच्या म्हातारीनं, जिला त्या गावात ओळखणारं बहुधा कुणी जिवंत नाही, तिनंही ती पाळावी असं मला वाटलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"म्हनूनच तर," आत्या म्हणाली. "वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् आपल्या पायानं चालली. असं कोन म्हनलं तर माझ्या मायची काय इज्जत ऱ्हाईल?"

मी चिडलो. पाच वर्षं धूळ खाल्ली ती काय यासाठी, असंही म्हणालो. ती म्हणाली, धूळ तू खाल्ली, वाट मी पाहून राहिले. बायकोनं मला बाहेर नेलं आणि सांगितलं की आता गपगुमान जा आणि मुऱ्हाळी घेऊन या.

तर अशा प्रकारे सत्तर वर्षांत संबंध नसलेल्या लोकांकडे, त्यांनी आमच्या म्हातारीला न्यायला यावं अशी विनंती करायला मी एकटा निघालो. वारंगा फाट्यावर उतरून काळी-पिवळी जीप धरली. गावात चौकशी केली तर घर लगेच सापडलं. घरात आत्याच्याच वयाचे एक आजोबा होते, धोतर आणि बंडीतले. आत्याच्या मामाचा मुलगा, म्हणजे तिचा मामेभाऊ. आजूबाजूला त्यांची दोन मुलं, सुना, नातवंडं. त्यांनी पाणी दिलं, बाजेवर बसवलं.

आणि मी माझी फाइल उघडली.

आज विचार करतो तेव्हा मला स्वतःचीच कमाल वाटते. शेतकऱ्याच्या घरात एक अनोळखी माणूस येतो, शिक्क्यांच्या नकला काढतो, आणि विचारतो की तुमच्या आजोबांना मुलं किती, मुली किती, जमीन पूर्वी कुणाच्या नावावर होती. मी इतिहासाच्या ओघात होतो. चहा येणार होता तो आलाच नाही. थोरला मुलगा उठून दाराशी उभा राहिला.

"हिस्सा मांगायला आला का तुमी?" त्यानं विचारलं.

त्या दिवसांत लेकींच्या हिश्श्यावरून घरोघर भांडणं चालू होती आणि मी हातात कागद घेऊन एक जास्तीची लेक सिद्ध करत होतो. मी घाबरून फाइल मिटली. नाही, हो, तसं काही नाही, असं बरंच काही बोललो, आणि जेवढा बोललो तेवढा त्यांचा संशय वाढला. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून जे सांगायला मला लाज वाटत होती तेच सांगितलं. म्हणालो, आजोबा, मला काही नको. आमची म्हातारी हट्टाला पेटलीय. मुऱ्हाळी आल्याशिवाय आजोळी येणार नाही म्हणते.

आजोबांनी मान वर केली. "काय म्हनली? फिरून सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

ते हसायला लागले. पोराला म्हणाले, "हिस्सा मांगणारं मानूस मुऱ्हाळ्याची वाट पाहात न्हाई रे. ते वकील घिऊन येतंय. चहा ठिवा."

मग त्यांनी आपल्या आत्याचं, म्हणजे माझ्या आजीचं, माहेरचं नाव घेतलं. इतक्या सहज घेतलं, की जणू ती आत चूल पेटवत होती. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते आत्याचं आहे, आणि तिच्याच तोंडी शोभतं. पुढचं त्यांनी सांगितलं ते मात्र मला ऐकवेना. ते आत्याला तुम्हीच येऊन सांगा, असं मी त्यांना म्हणालो.

आठव्या दिवशी आमच्या दारात जीप थांबली. सत्तरी ओलांडलेले मुऱ्हाळी उतरले, नवीन धोतर, डोक्याला फेटा, सोबत सून, आणि सुनेच्या डोक्यावर धपाट्यांची आणि करंज्यांची दुरडी. बायकोनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. आत्या आतल्या खोलीत होती. ट्रंक दोन दिवसांपासून भरलेली होती, पण ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "लई लवकर आले."

मुऱ्हाळी दाराकडं तोंड करून म्हणाले, "बाई, माझा बाप आला व्हता. तुझी माय गेली त्याच्या दुसऱ्या साली, पंचमीला. तुमा दोघा लेकरांला न्यायला. तुझ्या बापानं दारातून परत धाडला."

माझ्या झाडावर आमच्या आजोबांचं पान चांगलं ठळक काढलं होतं मी. मी फरशीकडं पाहत राहिलो.

थोड्या वेळानं आत्या दारात आली. "आला व्हता?"

"आला व्हता. दुरडी घिऊन. जन्मभर सांगायचा."

"मला कोनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, त्या म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाली, "मामाच आला व्हता मंग. चला, हितं बसून काय करता?"

त्यांना तिनं जेवायलाही पुरतं बसू दिलं नाही. गुडघ्यांना विसरून तीन पायऱ्या उतरली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. मीही शबनम खांद्याला अडकवून मागच्या दाराशी गेलो. तिनं वळून विचारलं की तू कुठं निघाला. मी म्हणालो, येतो ना, सोडायला.

"मुऱ्हाळी मला न्यायला आलाय," आत्या म्हणाली. "तुला कोनी बोलावलं?"

जीप गेली. बायको दुरडीतली करंजी खात होती. तिनं मलाही एक दिली.

चार दिवस झाले, आठ झाले. वारंगा फाट्यावरच्या टेलिफोनवरून निरोप आला की खुशाल आहे. माहेरी गेलेल्या बाईला परत आणायचं काम सासरच्याचं, इथं ते माझ्याकडं आलं, म्हणून सोळाव्या दिवशी मी गेलो. ओसरीवर आत्या बाजेवर बसली होती. डोक्याला तेल लावून एक नातसून तिची वेणी घालत होती. दुसरीला ती सांगत होती की धपाट्यात तीळ कमी पडतात. अंगणातून कुणीतरी तिला तिच्या आईच्या माहेरच्या नावानं, 'अमकीची लेक' म्हणून हाक मारली आणि तिनं ओ दिली. मला पाहून ती म्हणाली, "आला का? बस. चहा घे."

मी विचारलं, सामान भरू का?

"काहून घाई करून राहिला?" आत्या म्हणाली. "पंचमी झाली की पाहू."

पंचमीला अजून दीड महिना होता. मी चहा घेतला आणि एकटाच परत आलो.